हळदीखाली गेलेला भाग

काळ्याशार तळ्याच्या मधोमध एक हात वर येतो, बोटं फाकवून हवेतलं काहीतरी धरू पाहतो आणि मग अगदी सावकाश, कशाचीच घाई नसल्यासारखा, पाण्याखाली जातो. बुडबुडे येतात, विरतात, पाणी पुन्हा काचेसारखं सपाट होतं... आणि त्याच क्षणी पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा धावतात, चित्र एकदा उडी मारतं आणि तळ्याच्या जागी येते हळद. पिवळीजर्द, ओली, तेलकट हळद. पाटावर बसलेली कुणी अनोळखी नवरी, तिच्या गालांना, कोपरांना, पावलांना हळद चोळणाऱ्या बायका, आणि मागे मांडवाच्या खांबाला टेकून कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारा एक जाडसर इसम. त्या बायका गाणं म्हणताहेत की भांडताहेत तेही कळत नसे, कारण टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला असायचा. बराच वेळ अशी हळद चालायची. मग पुन्हा रेघा, पुन्हा उडी — आणि मघाशी बुडालेला तो माणूस धुक्यातल्या रस्त्यानं चालत गावात येताना दिसायचा. अंगावरचे कपडे कोरडे.

हे सगळं मी रोह्याला मामाच्या घरी पाहिलं. मामा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. रात्रपाळी करून आला की आतल्या खोलीत पंख्याखाली झोपायचा, आणि त्याच्या कपड्यांना चिकटून आलेला रसायनांचा तो गोडसर, घशाशी रेंगाळणारा वास घरभर पसरायचा. मे महिन्याच्या दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी लावून आम्ही मामेभावंडं व्हिडिओसमोर बसायचो. कॅसेट स्टेशनकडच्या एका दुकानातून भाड्यानं यायच्या, आणि त्या दुकानदाराला भुताच्या पिक्चरांचा क्रम ठाऊक नव्हता, की पर्वा नव्हती, कोण जाणे. आम्ही तिसरा भाग आधी पाहिला. मग पहिला आणि दुसरा — दोन्ही एकाच लांबलचक कॅसेटवर एकापुढे एक भरलेले, आणि त्यांच्या बरोबर सांध्यावर कुणीतरी आपल्या घरची हळद उतरवून ठेवलेली.

म्हणजे पाहा, आमच्या वाट्याला भूत आलं ते असं उलटसुलट आणि भोकं पडलेलं. पहिल्या भागात जळून राख झालेलं घर तिसऱ्यात खिडक्यांच्या पडद्यांसकट उभं होतं. त्या माणसाच्या उजव्या गालावरचा वण दुसऱ्या भागात डावीकडे गेला होता. पहिल्यात कडेवर असलेली मुलगी पुढच्याच वर्षी म्हणे कॉलेजात जात होती. आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे तो स्वतः — बुडाला तो बुडाला, मग आला कसा? मामेभाऊ म्हणायचा, ‘‘भूतच आहे तो, त्याला काय होतंय.’’ पण भुताचे बूट झिजलेले कसे असतील, त्याला भूक कशी लागेल? मला ते स्वस्थ बसू देत नसे. पिक्चर इंग्रजी, आवाज बारीक, आणि माझं इंग्रजी म्हणजे पाचवीच्या पुस्तकातली मांजर आणि चटई. एक वाक्य समजलं असेल तर शपथ. पण मी मास्तरांची मुलगी होते. मला समजत असणार, असं सगळ्यांनी धरलेलं होतं, आणि मी त्यांना तसं धरू दिलं होतं.

वडील पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात शिक्षक होते. हमरापूर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या गावातही दर दोन घरांआड गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर बांबूंवर घातलेलं छप्पर, खाली गोणपाटं, आणि ओळीनं बसलेले, रंग न चढलेले, पांढरे, शांत गणपती. शाळा सुटली की मी तिथंच असायची. ओल्या शाडूचा गार वास, खळीचा आंबूस वास, आणि पाऊस सुरू झाला की खाडीवरून येणारा चिखलाचा, खारट, किंचित कुजका वास... अजूनही कुठं ओली माती उकरली की मी क्षणभर त्या गोणपाटावर जाऊन बसते. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे हात वेगळे असत. ते नंतर जोडायचे, मग सांध्यावर पातळ माती भरायची, ती सुकली की पॉलिश पेपरनं घासत राहायचं — बोट फिरवलं तरी सांधा लागता कामा नये, इतकं. हे काम बायका आणि मुलं करत. आमच्या ओळीला जनाकाकी असे आणि तिची मुलगी कुंदा. कुंदा माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावरची. तिचे वडील हिराजीकाका उन्हाळ्यात मिठागरात आणि पावसाळ्यात स्वतःच्या खारशेतात असत. संध्याकाळी कारखान्यावरून जाताना ते कुणाशी न बोलता दारात दोन ओले खेकडे टाकून पुढं जात.

त्या जूनमध्ये मी रोह्याहून तीन पिक्चर घेऊन आले आणि सांधे घासता घासता ते सांगायला बसले. ऐकणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या.

‘‘मास्तरांची पोर बोलाया लागली का हात थांबतान तुमचे,’’ जनाकाकी म्हणायची. ‘‘शेठ आला तर भुताआधी तोच धरंल मानगुटीला.’’

‘‘काकी, तूच थांबलीस. बघ, सोंड अर्धीच घासलीस,’’ मी म्हणायची.

‘‘मी ऐकत नाय, मी फकस्त बसलंय.’’

आणि मी तो हात पाण्याखाली नेला, की कुंदा दर वेळी विचारायची, ‘‘मग आला कसा तो?’’ हळदीचं मी तिला सांगितलं होतं. पहिल्यांदा तिला हसू आवरेना — भुताच्या पिक्चरमध्ये हळद. मग ती गंभीर झाली. ‘‘म्हंजे हळदीच्या खाली तो भाग हाय. पुसला गेलाय. पण तुला ठाव असंल ना गो, पुढं इंग्रजीत बोलत असतील की ती लोकं त्याबद्दल?’’

‘‘बोलतात,’’ मी म्हणाले.

आणि भरला मी तो सांधा. तळ्याला एक ओढा असतो, तो खाली वाहत जातो. त्या ओढ्यातून हा माणूस वाहत जातो आणि खूप खाली, जंगलात राहणाऱ्या एका म्हातारीला सापडतो. ती त्याला पाला लावून जगवते. पण त्याला स्वतःचं नाव, गाव काही आठवत नाही, म्हणून तो लगेच परत येत नाही. आणि मग मी हातातला पेपर खाली ठेवून, अगदी ठसक्यात म्हणाले, ‘‘तिकडे नियमच आहे. ज्याचं प्रेत दाखवत नाहीत, तो मेलेला नसतो.’’ बायकांनी माना हलवल्या. त्या माना हलल्या तेव्हा मला जे वाटलं, ते सुख मी नंतर आयुष्यात फार वेळा अनुभवलेलं नाही... हे लिहितानाही लाज वाटते.

श्रावणातल्या अमावस्येचं उधाण आलं. दुपारच्या भरतीला बाहेरच्या बांधाला खांड गेली — बांध फुटून पाणी आत घुसतं त्याला आमच्याकडे खांड म्हणतात — आणि गावातली सगळी पुरुष माणसं माती, दगड, पेंढा, मिळेल ते घेऊन धावली. लावलेलं भात एकदा खाऱ्या पाण्याखाली गेलं की जमीन पुढची कित्येक वर्षं काही देत नाही, म्हणून तिथं कुणी मागं राहत नसतं. हिराजीकाका खांडीच्या अगदी तोंडाशी उभे होते. त्यांच्या पायाखालचा बांध सुटला. लोकांनी दोर टाकले, होड्या घातल्या, ओहोटीबरोबर खाडीच्या मुखापर्यंत शोधलं, पुढचे कितीतरी दिवस शोधलं. काका मिळाले नाहीत.

भावकीतली वडीलधारी माणसं जनाकाकीच्या ओटीवर बसली. देह नाही तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-बारावं उरकायचं; खाडीकाठच्या गावांना ही रीत नवी नव्हती. तेव्हा कुंदा आतून आली आणि म्हणाली, बाबा मेलेला नाय. प्रेत नाय दिसलं. आणि तिनं त्या सगळ्या माणसांना ओढा, म्हातारी, पाला आणि विसरलेलं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जनाकाकी आमच्या परसदारी आली. आई विहिरीवर होती, वडील पुढच्या खोलीत वह्या तपासत होते. मधलं दार उघडं होतं. काकीच्या केसांत अजून बांधावरचा चिखल वाळलेला होता. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्याहून बुटकी झाली, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाय, तू शिकलेली हायस. तुला त्यांची भाषा कळते. कुंदी बोलते तसं असतं काय गो खरंच? कुठं तरी लागलेला असतो माणूस, नि त्याला आठवत नाय, असं?’’

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की काकी, मला नाही कळलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, मी सगळं जोडलं. पण मधलं दार उघडं होतं. आत वडिलांचा लाल शाईचा टाक कागदावर करकरत होता. मास्तरांच्या मुलीला इंग्रजी येत नाही आणि ती आल्या दिवसापासून खोटं बोलते आहे, हे त्या दारातून आत जाईल, या एकाच भीतीनं मी म्हणाले, ‘‘असतं, काकी.’’ लोक म्हणतात लहानपणी कळत नसतं. मला कळत होतं. काकी उठली तेव्हा तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, आणि त्या हाताला माती होती.

पुतळा झाला नाही. काकीनं कुंकू पुसलं नाही. भावकी चिडली, मग कंटाळली, मग बोलायला लागली. पाणवठ्यावर तिच्या पाठीमागे ‘‘नवरा खाडीत नि बायको कुंकवात’’ असं बायका म्हणत, त्यांतल्या काही आमच्याच ओळीला सांधे घासणाऱ्या होत्या. मृत्यूचा दाखला तिनं करू दिला नाही, म्हणून मिळणारी मदतही आली नाही. एसटीनं ती खाडीकाठची गावं फिरायची, सरकारी दवाखान्यांतून नाव न सांगणाऱ्या पेशंटांची चौकशी करायची. रोह्यालाही एकदा गेली होती, नदीच्या कडेकडेनं, कातकऱ्यांच्या वाड्यांवर म्हाताऱ्यांना विचारत... पाला लावून कुणाला जगवलं काय म्हणून. हे मला मामानं सांगितलं. तो म्हणाला, डोकं फिरलंय बिचारीचं. मी पाटावर जेवत होते, जेवत राहिले.

कुंदानं सातवीनंतर शाळा सोडली. वडिलांची पुढे बदली झाली, मी शिकले, लग्न होऊन रोह्यातच आले. कुंदाला स्थळं यायची, आणि काकी पाहुण्यांना सांगायची, हिचा बाप आला का मग लग्न. पाहुणे चहा पिऊन उठून जायचे. हळूहळू यायचे बंद झाले. मी वर्षातून एकदा गणपतीला मूर्ती न्यायच्या निमित्तानं जायची, काकीच्या पाया पडायची, आणि तिनं ‘‘तुझ्यामुळं तग धरला बाय’’ म्हटलं की घाईघाईनं मूर्तीचं बोलणं काढायची.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. इतक्या वर्षांत माझ्या मनानं स्वतःची एक पळवाट काढून ठेवली होती: कदाचित खरंच असेल. कदाचित त्या हळदीखाली तसंच काहीतरी होतं, ओढा नसेल, म्हातारी नसेल, पण काहीतरी... मी अगदीच खोटं बोलले नसेन.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत फोनवर जुने भुताचे पिक्चर पाहत बसली होती. तिच्या मैत्रिणींचा तो खेळच आहे, एका भागाचा दुसऱ्या भागाशी मेळ कुठं बसत नाही ते शोधायचं आणि एकमेकींना पाठवून हसायचं. ‘‘आई, हे बघ ना, याचा वणच इकडचा तिकडे गेला.’’ मी सहज वाकले. तेच तळं होतं. इतकं लहान, हाताच्या पंज्यात मावणारं. मी तिला म्हटलं, दुसऱ्या भागाची सुरुवात लाव. खाली इंग्रजी अक्षरं येत होती आणि आता मला ती वाचता येत होती. तळं, धुकं, रस्ता. तो चालत येतो. गावातला एकजण म्हणतो, आज गारठा आहे. बस.

‘‘हा आला कसा, ते?’’ मी विचारलं.

‘‘सांगतच नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘पहिला चालला म्हणून दुसरा काढला, एवढंच. कुणी विचारच केला नाही. भारी ना?’’

हळदीखाली काहीच नव्हतं.

मी पुढच्याच रविवारी निघाले. नागोठणं गेलं, डोलवीच्या कारखान्याची धूळ बसच्या काचांवर बसली, वडखळ, पेण... कुंदाच्या गावात आता पत्र्याच्या मोठमोठ्या शेडी आहेत आणि रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर दिवसभर घुरघुरतो. कुंदा आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. हे काम सगळ्यांना जमत नाही, लांबलांबचे कारखाने तिला बोलावतात. आखणी चालू असताना तिच्याशी बोलायचं नसतं. एक डोळा झाला की दुसरा त्याच्याशी जुळेपर्यंत ती श्वाससुद्धा बेतानं घेते. मी स्टूल ओढून बसले आणि एका जोडीनंतर, ब्रश पुसायला तिनं हात खाली घेतला तेव्हा, सगळं सांगितलं.

ती ब्रश पुसत राहिली. ‘‘म्हंजे त्या हळदीखाली काय नव्हतंच?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मी त्या हळदीवाल्यांना किती शिव्या घातल्यात शुभे, तुला ठाव नाय. कुणाची ती नवरी, तिला पोरं झाली असतील, ती पण मेली असंल. दर लग्नात हळद बघितली का मला तीच आठवायची.’’ ती हसली, पण तिच्या हातातला ब्रश थांबला नव्हता. मग म्हणाली, ‘‘नाय कळलं, एवढंच म्हणायचं होतंस.’’

‘‘हो.’’

‘‘एवढंच गो.’’

मी म्हटलं, काकीला सांगायला आलेय. तेव्हा मात्र ती माझ्याकडे वळली. तिच्या बापाचा अबोल, शांत चेहरा आता तिचा झाला आहे.

‘‘मी कधीच सोडलं ते. कधी सोडलं ते पण आठवत नाय. खाडी काय परत देते नि काय नाय ते आम्हाला तू सांगणार व्हय? पण तिचं तेवढंच हाय. तुझं मन हलकं झालं ना माझ्याजवळ? झालं तर झालं. तिचं जड करू नको. उद्या सकाळी तिला कुंकू मलाच लावायचं हाय.’’ आणि पुढच्या मूर्तीकडे सरकत म्हणाली, ‘‘जा आत. चहा ठेवलाय. पी नि बस तिच्यापाशी. मला माफीबिफी येत नाय, मला डोळे काढायचेत.’’

शेडमागच्या खोलीत जनाकाकी खाटेवर होती. अर्धं अंग गेल्याला वर्ष उलटलंय, पण बोलणं स्पष्ट आहे. कपाळावर कुंकू, ताजं. मला पाहून तिनं चांगला हात उचलला आणि नेहमीसारखी खुशाली विचारली, मुलीची, नवऱ्याची, रोह्याच्या पावसापाण्याची. मी उत्तरं देत होते आणि तोंडात आलेलं परत गिळत होते. मग बाहेरच्या कॉम्प्रेसरचा आवाज बंद झाला, आणि त्या शांततेत ती म्हणाली,

‘‘बाय, एक इचारू? त्या पिक्चरमधला तो परत येतो, तो होता तसाच असतो ना? त्याचं वय नाय वाढत?’’

‘‘नाही वाढत, काकी,’’ मी म्हणाले. हे खरं होतं.

‘‘मग आमचे पण तसेच असतील. तरणेताठे. नि मी ही अशी.’’ तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ‘‘मला वळखतील काय गो ते?’’

ओठांवर उत्तर तयार होतं. तिथं असा नियमच आहे काकी, ओळखतात... किती सोपं होतं. सांधा बोटालाही लागला नसता. मी म्हणाले, ‘‘मला माहीत नाही, काकी. ते दाखवलेलं नाही.’’

ती रडेल, की कुंदाला हाक मारेल, की तिला सगळं एकदम उमगेल, असं मला वाटलं.

‘‘मग फनी घे ती,’’ ती म्हणाली. ‘‘केस तेव्हासारखे बांधून दे. कुंदी आपली सोप्पा आंबाडा घालते.’’

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केस विरळ, पांढरे, कापसाइतके हलके. तेव्हा ती ते कसे बांधायची, मला आठवेना. कारखान्यात इतक्या साऱ्या दुपारी शेजारी बसून मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी सांगत होते. फणी हातात धरून मी थांबले, आणि या वेळी मी तिलाच विचारलं.